सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या दिसला. पिंजरा मागावा का?

पायवाट
नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला पाठ लागलेल्या एका गृहसंकुलात आम्ही नऊ वर्षांपासून राहतो. गेल्या मंगळवारी पहाटे सव्वातीनच्या सुमारास मागच्या कुंपणभिंतीवरून एक बिबट्या चालत आला. सीसीटीव्हीत सगळे स्पष्ट दिसते. तो कचऱ्याच्या खोलीपाशी खाली उतरला, तिथे झोपलेली कुत्री भुंकत पळाली, तो दोन मिनिटे तसाच उभा राहिला आणि आल्या वाटेने परत गेला. कोणाला ओरखडाही उठला नाही. तरी चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचल्यापासून संकुलात दुसरा विषय नाही. येत्या रविवारच्या सभेत वन विभागाकडे पिंजऱ्याची मागणी करणारे पत्र मंजूर व्हायचे आहे आणि कार्यकारिणीची सदस्य म्हणून त्यावर माझी सही लागणार आहे.

ती सही करायला माझा हात धजत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जवळच्याच पाड्यातल्या, वारली. त्यांना चित्रफीत दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, तो आधीपण येत असंल. तुम्हाला आत्ता दिसला." घाबरवण्याचा किंवा धीर देण्याचा कसलाही आव त्यात नव्हता. शेजारच्या इमारतीत कोण राहते हे सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

पिंजरा लावून खरोखर काही साधते का, आणि पाड्यांतली माणसे पिढ्यान् पिढ्या या जनावराच्या शेजारात कशी राहतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहावे. मला सभेत बोलायचे आहे आणि ऐकीव गोष्टींवर बोलायचे नाही.

उपवन
सही करू नका. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो सूचनाफलकावर आणि सुरक्षारक्षकांच्या चौकीत आजच लावा.

दोन लेकरांचा बाबा
माझे मत वेगळे आहे आणि ते मी सरळ मांडतो. माझी धाकटी मुलगी सहा वर्षांची आहे. संध्याकाळी ती इमारतीखाली खेळते तेव्हा मी चौथ्या मजल्यावरून दर पाच मिनिटांनी खाली बघतो. २०१९च्या फेब्रुवारीत आमच्या समतानगर भागात बिबट्या शिरला होता. आधी एका मॉलमध्ये दिसला आणि मग एका हॉटेलच्या तळघरात सापडला. त्या दिवशी मी मोठ्याला शाळेतून आणायला निघालो होतो. पुढच्या वळणावर काय असेल हे ठाऊक नसताना मुलाचा हात धरून चालणे म्हणजे काय, ते मी अनुभवले आहे. जंगलावर माझेही प्रेम आहे. परंतु ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांच्या भीतीला कोणी अडाणीपणा म्हणू नये, एवढीच विनंती.

रानवाट
बाबा, आपली भीती अडाणीपणाची मुळीच नाही आणि तिला उत्तर द्यायलाच हवे. मी उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला, बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. जे नक्की ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

पहिली गोष्ट कायद्याची. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो नुसता दिसला म्हणून त्याला पकडता येत नाही. त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका असल्याचे कारण द्यावे लागते. भिंतीवरून चालणे हे ते कारण नव्हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. समजा पिंजरा लागला आणि त्यात बिबट्या अडकला. तो भिंतीवरचाच होता कशावरून? पिंजऱ्यात जो येईल तो. प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. तो उचलला की जागा रिकामी होते आणि ती घ्यायला दुसरा येतो, बहुधा तरुण आणि इथल्या माणसांच्या वर्दळीची सवय नसलेला. जुन्या बिबट्याला तुमचा पहारेकरी किती वाजता फेरी मारतो हे ठाऊक असते, नव्याला नसते. पकडलेल्याला दूर नेऊन सोडले तर तो परक्या मुलखात गोंधळतो आणि परतीची वाट धरतो. जुन्नर भागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा जिथे ते सोडले त्या जंगलांभोवती माणसांवरचे हल्ले वाढलेले आढळले. आपल्या उद्यानातही बाहेरचे बिबटे आणून सोडले जात होते. माणसांवरच्या हल्ल्यांची आपल्याकडची सर्वांत काळी वर्षे २००२ ते २००४ होती, ती त्याच सुमारास, हे विसरता येत नाही.

पुढे २०११ साली उद्यान प्रशासनाने संशोधक आणि नागरिकांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम हाती घेतला. पकडापकडीऐवजी कचरा, उजेड, शौचालये आणि लोकांशी बोलणे यांवर भर दिला. २०१५च्या कॅमेरा सापळ्यांच्या, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल, भोवती कोट्यवधी माणसे आणि त्यात एवढे बिबटे. आपल्याला एखादाच दिसतो, याचा अर्थ बाकीचे रोज रात्री आपल्याला टाळून जातात.

भेकर
कचऱ्याची खोली! सगळे मूळ तिथे आहे. उघडा कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या. दाराला कडी लावा, म्हणजे निम्मा प्रश्न मिटेल.

पायवाट
भेकर, आपले म्हणणे वाचून मी खाली जाऊन पाहून आले. खोलीला दार आहे, पण त्याची बिजागरी गेल्या पावसाळ्यापासून तुटलेली आहे आणि दार भिंतीला टेकवून ठेवले आहे. आत कोंबडीची हाडे, भाताचे डबे, फाटलेल्या पिशव्या. सहा कुत्री होती. माणसाने पिंजऱ्याची मागणी करण्याआधी एक बिजागरी बसवायला हवी होती, हे मला तिथे उभी असताना कळले.

परत येताना प्रवेशद्वाराकडे नजर गेली. आमच्या संकुलाच्या कमानीवर दोन्ही बाजूंना वारली चित्रे रंगवलेली आहेत: तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा मधोमध, भोवती फेर धरलेली माणसे, कडेला झाडे आणि एक वाघ. ती चित्रे आम्ही हौसेने काढून घेतली. ज्यांची ती आहेत त्यांच्याशी या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

कणसरी
पायवाटताई, आपल्या या प्रतिसादामुळे लिहायला बसले. मी वारली आहे. माझे बालपण उद्यानाच्या हद्दीतल्या एका पाड्यात गेले आणि आता मी ठाण्यात शिक्षिका आहे.

आपल्या कमानीवर जे आहे ते आमच्याकडे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात. भिंत म्हणजे कारवी या रानझुडपाच्या काड्यांचा कूड. त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाने काढलेला चौक. काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करायचा. चौकात पालघट ही आमची लग्नाची देवी बसते. सुवासिनींनी चौक लिहिल्याशिवाय आणि धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. मी लहान असताना माझी आजी चौक लिहायला बसली की आम्हा पोरांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. पिठाची वाटी डाव्या हातात, आणि रेघ एकदा सुरू झाली की काडी उचलायची नाही. तिच्या बोटांवरचे पीठ सुकून भेगाळायचे, तरी ती थांबत नसे.

आता वाघोबाबद्दल. आमच्या बोलण्यात वाघ आणि बिबट्या यांत फार फरक करत नाहीत; दोघेही वाघच. वाघोबा हा आमचा देव आहे. त्याचे ठाणे गावाच्या किंवा पाड्याच्या शिवेवर असते. कुठे शेंदूर फासलेला दगड, कुठे लाकडाची फळी आणि तीवर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत अशी दीडशेहून अधिक ठाणी असल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. वाघबारशीला, म्हणजे आपण शहरात वसुबारस करता त्याच दिवशी, भगत पूजा बांधतो, नारळ फुटतो, कोंबडा दिला जातो. त्यामागचा करार असा, की आम्ही वर्षातून एकदा तुझा मान तुला देऊ आणि तू आमच्या माणसांच्या व गुरांच्या वाटेस जाऊ नकोस. एखादे वर्षी त्याने वासरू नेलेच, तर मोठी माणसे चिडून काठ्या घेऊन निघत नसत. मानात काही उणे राहिले का, असे आधी एकमेकांना विचारत.

निळाई
कणसरीताई, किती सुंदर लिहिलेत. वाचताना डोळे भरून आले. खरोखर, आदिवासींच्या गरजा थोड्या, त्यांचे जगणे निसर्गाशी एकरूप आणि म्हणूनच ते इतके सुखी. आपणही त्यांच्यासारखे साधे राहायला शिकलो तर हा प्रश्नच उरणार नाही.

कणसरी
निळाईताई, आपला भाव मला कळतो, म्हणून राग नाही; पण हे खोडून काढणे मला भाग आहे.

आमच्या गरजा थोड्या नव्हत्या. त्या भागत नव्हत्या. माझ्या लहानपणी पाड्यात वीज नव्हती आणि शौचालयही नव्हते. दिवस मावळल्यावर बाहेर जावे लागले तर आई कंदील घेऊन पुढे, मी मध्ये आणि काकू मागे, अशा आम्ही जात असू आणि सगळा वेळ मोठ्याने बोलत असू. खाली वाकलेले माणूस, आणि त्यातही लहान मूल, अंधारात त्या जनावराला माणसासारखे दिसत नाही. हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. जे गेले त्यांच्यामुळे कळले. माझ्या आईच्या माहेरचे एक मूल असेच गेले. त्याच्यानंतरही त्या घराने वाघोबाला नारळ दिला, हे खरे आहे. पण ते घर सुखी होते असे कृपा करून म्हणू नका.

आणखी एक. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर जी कारवाई झाली, तीत पिढ्यान् पिढ्यांच्या पाड्यांनाही अतिक्रमण हा शब्द चिकटला. २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यानुसार दावा करायचा तर आपण इथलेच आहोत याचा पुरावा द्यावा लागतो, आणि आमच्याकडे तो कागदावरच मागितला गेला. माझ्या आजोबांकडे कागद नव्हता. त्यांनी लावलेले आंब्याचे झाड होते. ज्या कारवीच्या कुडाची चित्रे आपल्याला आवडतात, ती कारवी राष्ट्रीय उद्यानातून तोडायला आता मनाई आहे. जंगलासाठी ते योग्यच असेल. पण कूड गेला, सिमेंटची भिंत आली, आणि चौक लिहायचा तर आधी भिंतीला गेरू धरेल का ते पाहावे लागते.

आम्हाला वीज हवी, शौचालय हवे, शाळा हवी आणि वाघोबाही हवा.

निळाई
आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. मी लिहिले ते न कळून लिहिले. मला क्षमा करा.

काकड
कारवीचा विषय निघाला म्हणून थोडे लिहितो. आपल्या उद्यानातली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ साली फुलली आणि त्यानंतर २०२४ साली. जांभळ्या फुलांनी उतार भरून जातात, मधमाश्यांचा नुसता घोष चालतो, बी धरते आणि ते झुडूप वाळून मरते. कूड बांधायला तीच वाळलेली काडी. म्हणजे घर बांधायचे वेळापत्रकही जंगलाच्या हिशेबात बसलेले होते.

असाच दुसरा हिशेब मला दरवर्षी जांभळी नाक्याच्या बाजारात दिसतो. पाऊस तोंडावर आला की पाड्यांतल्या बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळे म्हणजे जमिनीतून वर आलेला तपकिरी-जांभळ्या रंगाचा मिटलेला कोंब. ते नुसते शिजवले तर घशाला अशी खाज सुटते की पाणी पिऊनही जात नाही. वरचे पान उलगडून आतल्या दांड्याचा खालचा दाणेदार पिवळट भाग काढून टाकायचा आणि उरलेले बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचे. काकड हे त्याच जंगलातल्या झाडाचे हिरवे फळ, आणि ते नेमके त्याच दिवसांत मिळते. एका वर्षी मी घाईत शेवळे घेऊन निघालो, तेव्हा विकणाऱ्या आजींनी हाक मारून थांबवले आणि मूठभर काकडे पिशवीत टाकली. "याच्याबिगर नेऊ नको," एवढेच म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत.

खाज आणि तिचा उतारा एकाच रानात आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बिबट्याबद्दलही काही ठाऊक असणार, असे मला त्या दिवसापासून वाटते. म्हणून पायवाटताईंनी सभेला त्यांच्याकडच्या मावशींनाच बोलवावे. त्यांचे म्हणणे चिठ्ठीवर लिहून आणू नये; त्यांना स्वतः बोलू द्यावे.

चेणे
काकडांची सूचना उत्तम आहे. मी धाग्यात थोडी वेगळी बाजू मांडतो, पण विषय तोच.

बिबट्या आपल्याकडे आला असे आपण म्हणतो. घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेला नागला बंदराचे जंगल आहे, ते याच उद्यानाचा भाग. मुख्य जंगलातून तिथे जायचे तर जनावराला तो वाहता रस्ता ओलांडावा लागतो, आणि त्यापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्यात जायचे तर खाडी. आजोबा नावाचा बिबट्या आठवत असेल. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला हा नर २००९ साली जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडला. तिथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून, आपल्या या उद्यानात पोहोचला. संपूर्ण प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. २०११च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला आणि शेपटीतल्या चिपमुळे ओळख पटली. त्याला आपल्यापासून जेवढा धोका होता, तेवढा आपल्याला त्याच्यापासून नव्हता.

आता उद्यानाच्या पोटातून ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम सुरू आहे. वरचे जंगल त्यामुळे तुटणार नाही असे सांगितले जाते आणि रस्त्यापेक्षा बोगदा बरा, हे मलाही पटते. पण दोन्ही तोंडांपाशी वाहने, दिवे, आवाज वाढणार आहेत. येऊरला सुट्टीच्या रात्री ध्वनिक्षेपक लावून जे चालते, त्याची झळ पाड्यांना आणि जनावरांना सारखीच बसते. पिंजऱ्याचे पत्र लिहिणाऱ्यांनी त्याविषयीही एक पत्र लिहावे.

दोन लेकरांचा बाबा
सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. कणसरीताईंच्या आईच्या माहेरच्या त्या मुलाबद्दल वाचल्यावर बराच वेळ पुढे वाचवेना. पिंजऱ्याबाबत माझे मत बदलले आहे. जुना जाऊन नवा येईल हे मला माहीत नव्हते. आता एवढेच सांगा, की मुलीला नेमके काय शिकवू? ती घाबरून घरात बसावी असेही मला नको आहे.

रानवाट
बाबा, अंधार पडण्यापूर्वी खेळ संपवायचा आणि मागच्या भिंतीकडे एकट्याने जायचे नाही. चेंडू तिकडे गेला तर मोठ्या माणसाला सांगायचे. कधी बिबट्या दिसलाच तर पळायचे नाही, वाकायचे नाही, खाली बसायचे नाही. उभे राहून, त्याच्यावर नजर ठेवून, मोठ्या माणसांना हाक मारत हळूहळू मागे यायचे. बरोबर लहान भावंड असेल तर मोठ्याने त्याला उचलून घ्यायचे. त्याचा फोटो काढायला किंवा त्याला हुसकावायला गर्दी करायची नाही, कारण कोंडलेला बिबट्या हाच सर्वांत धोक्याचा. २०१९ साली आपल्या भागात सगळ्यात अवघड काम बघ्यांना लांब ठेवण्याचेच होते.

मुलीला घेऊन एकदा सकाळी येऊरला या. भेकर हे हरिण कसे ओरडते, वानरे कशी खाकरतात, ती हाक ऐकली की जंगलात कोण चालते आहे हे कसे ओळखायचे, ते मी तिला दाखवीन. कळले की भीती जरा जागेवर बसते.

पायवाट
रविवारची सभा झाली. सविस्तर लिहिते.

मावशी आल्या. आधी नको म्हणत होत्या, मग मुलीला घेऊन आल्या. खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या. त्यांनी पाच मिनिटे बोलून विचारले, "तुमी पिंजरा लावाल. पन मंग कचरा कुठं टाकाल?" त्यावर कोणी काही बोलले नाही. बराच वेळ वादही झाला. दोन सदस्य अजूनही नाराज आहेत आणि त्यांच्या घरी मी पुन्हा जाऊन बोलणार आहे. अखेर पिंजऱ्याचा ठराव मागे घेतला गेला. त्याऐवजी वन विभागाने येऊन मुलांना आणि सुरक्षारक्षकांना माहिती द्यावी, अशी विनंती करणारे पत्र गेले आणि त्यावर मी सही केली. कचरा रात्री न ठेवता सकाळीच बाहेर काढायचा, मागच्या भिंतीलगत दिवे लावायचे आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण महापालिकेमार्फत करून घ्यायचे ठरले. बिजागरी काल बसली.

मावशींच्या पाड्यात संध्याकाळनंतर उजेड नाही. विहिरीच्या वाटेवर सौरदिव्यांसाठी संकुलाने वर्गणी काढावी असे एका आजोबांनी सुचवले आणि ते तिथल्या तिथे मंजूर झाले. दिवे कुठे हवेत ते पाड्यातली माणसे ठरवतील.

कणसरीताई, एक विचारायचे आहे. मावशींनी वाघबारशीला यायला सांगितले आहे. आम्ही चार-पाच घरे यायचे म्हणतो. येताना काय आणायचे असते?

कणसरी
एक नारळ आणा. तांदूळ आणलेत तर घरचे कोणी नाही म्हणणार नाही. कॅमेरा आधी भगतांना विचारून मगच बाहेर काढा. वाघोबाचे ठाणे पाड्याच्या वर, आंब्याच्या पुढे आहे. तिथवर चढ आहे, तेव्हा चपला पायाला घट्ट बसणाऱ्या घाला. दिवस वर असताना या. परत निघायला अंधार झालाच, तर पाड्यातले कोणीतरी खाली रस्त्यापर्यंत सोडायला येईल. वाटेत सगळ्यांनी मोठ्याने बोलत चला.